संगणकाच्या वेशीवरील पहारा

सार्वजनिक कार्यालयांचे रूप गेल्या दीड-दोन दशकांत झपाट्याने पालटले आहे. एके काळी लाल बस्त्यांत बांधलेली दप्तरे हीच ग्रामपंचायतीची वा शाळेची स्मृती होती. आज ती स्मृती मोठ्या प्रमाणावर संगणकात सामावली आहे. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणकाचा पद्धतशीर प्रवेश झाला आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी तो वारसा पुढे चालविला. शाळांतून विद्यार्थ्यांची नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालपत्रके ही कामे संगणकावरच होऊ लागली. टेबलावरील अवजड संगणकाची जागा अनेक ठिकाणी लॅपटॉपने घेतली. कारण तो ग्रामसभेत नेता येतो, वाडी-वस्तीवर नेता येतो आणि वीज गेली तरी काही तास चालतो.

लॅपटॉपचा हा गुणच त्याचा दोषही ठरतो. जुने दप्तर पळवावयाचे तर बैलगाडी जोडावी लागली असती. लॅपटॉप मात्र खांद्यावरच्या पिशवीत मावतो. एस.टी.च्या बाकावर तो विसरला, अथवा रात्री कार्यालयाचे कुलूप तोडून कोणी तो उचलून नेला, तर यंत्राची किंमत भरून काढता येते. परंतु त्याच्या पोटातील माहितीचे मोल रुपयांत होत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभासाठी एखाद्या विधवा भगिनीने दिलेला बँक खात्याचा क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी पालकाने सादर केलेला उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याच्या जातीचा व जन्मतारखेचा तपशील, आधार क्रमांकांच्या प्रती, हे सारे त्यात असते. ही माहिती नागरिकांनी हौसेने दिलेली नसते. शासनाने मागितली म्हणून, आणि ती सुरक्षित राहील या विश्वासाने, त्यांनी ती स्वाधीन केलेली असते. ती सांभाळणे हा नागरिकांवर केलेला उपकार नसून ते कर्तव्य होय.

या कर्तव्याचा पहिला व बिनखर्ची भाग म्हणजे लॅपटॉपने काम सुरू करण्यापूर्वीच परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विचारावा अशी व्यवस्था करणे. बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये ही सोय मुळातच असते. मात्र ती कोणीतरी चालू करावी लागते. तिच्यामुळे काय साधते, काय साधत नाही आणि ती अंमलात आणताना कोणती दक्षता घ्यावयास हवी, हे समजून घेणे प्रत्येक कार्यालयप्रमुखास आवश्यक आहे.

संगणक जागा कसा होतो?

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून पडद्यावर नेहमीची चित्रे दिसेपर्यंत काही सेकंदांचा अवधी जातो. या अवधीत दोन टप्पे पार पडतात. पहिल्या टप्प्यात यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये साठविलेला छोटा कार्यक्रम जागा होतो. तो स्मृती, कळफलक, पडदा व साठवणुकीची डिस्क यांची तपासणी करतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम कंपनीच्या व्यक्तिगत संगणकापासून या कार्यक्रमास ‘बायोस’ असे म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ या सुधारित रचनेने घेतली असली, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द रूढ आहे. तपासणी आटोपल्यावर बायोस डिस्कवरील विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली शोधतो व सूत्रे तिच्या हाती सोपवितो. येथून दुसरा टप्पा सुरू होतो.

कार्यालयात रोज सकाळी जो पासवर्ड भरला जातो, तो बहुधा या दुसऱ्या टप्प्यातील असतो. म्हणजे तो विंडोज विचारते. यंत्र विचारीत नाही. गावाच्या भाषेत सांगावयाचे तर तो घराच्या पुढच्या दारावरील पहारा आहे, वेशीवरील नव्हे. आणि या घराला परसदारही असते. एखाद्याने दुसरी कार्यप्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला आणि यंत्र त्यावरून सुरू केले, तर डिस्कवरील विंडोज जागीच होत नाही. मग तिचा पासवर्ड विचारणार कोण? डिस्क कूटबद्ध केलेली नसेल, तर तिच्यावरील धारिका एखाद्या उघड्या वहीप्रमाणे वाचता येतात. यासाठी विशेष विद्वत्ता लागत नाही. संगणक दुरुस्त करणारा कोणीही कारागीर बिघडलेल्या यंत्रातील माहिती वाचविण्यासाठी नेमकी हीच रीत वापरतो. जी रीत कारागिराच्या हाती उपकारक, तीच चोराच्या हाती अपायकारक होते.

म्हणूनच पहारा पहिल्या टप्प्यात, म्हणजे वेशीवरच, बसवावा लागतो. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९८४ सालच्या ‘एटी’ या संगणकाच्या दर्शनी भागावर खरेखुरे किल्लीचे कुलूप होते. पुढे लोखंडी किल्लीची जागा परवलीच्या शब्दाने घेतली, एवढाच फरक.

परवलीच्या शब्दाचे तीन प्रकार

बायोसमध्ये साधारणतः तीन प्रकारचे पासवर्ड ठेवता येतात. त्यांची नावे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत थोडीफार वेगळी असली, तरी कार्य सारखेच असते.

पहिला प्रकार म्हणजे वापरकर्त्याचा अथवा ‘पॉवर-ऑन’ पासवर्ड. बटण दाबताच यंत्र तो विचारते. तो बरोबर दिल्यावाचून ना विंडोज सुरू होते, ना पेन ड्राइव्हवरील दुसरी प्रणाली. बहुतेक यंत्रांत ठरावीक वेळा चूक झाल्यावर यंत्र थांबते व ते बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

दुसरा प्रकार म्हणजे ‘सुपरवायझर’ अथवा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ पासवर्ड. बायोसमधील व्यवस्था बदलण्याचा अधिकार या शब्दाने राखून ठेवला जातो. यंत्राने प्रथम डिस्कवरून सुरू व्हावे की पेन ड्राइव्हवरून, हा क्रम बायोसमध्येच ठरतो. तो कोणीही येऊन बदलू नये यासाठी हा पासवर्ड आवश्यक आहे. पॉवर-ऑन पासवर्ड रोजच्या वापराचा असल्याने केंद्रचालकास ठाऊक असावा लागतो. सुपरवायझर पासवर्ड मात्र कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा, हे उचित होय.

तिसरा प्रकार डिस्कच्या पासवर्डचा. काही लॅपटॉपमध्ये ही सोय असते. हा शब्द डिस्क स्वतःच तपासते. त्यामुळे ती यंत्रातून काढून दुसऱ्या संगणकास जोडली तरी ती सहजासहजी उघडत नाही. मात्र हा शब्द विसरला गेल्यास डिस्कवरील माहिती कायमची दुरावण्याचा संभव असतो. म्हणून ज्या कार्यालयात माहितीची दुसरी प्रत नियमितपणे काढली जात नाही, तेथे याच्या वाटेस जाऊ नये.

पहाऱ्याची मर्यादा

वेशीवरील पहारा कितीही दक्ष असला, तरी चोराने कूस फोडून धनाची पेटीच उचलून नेली तर पहारेकऱ्याचा उपयोग काय? पॉवर-ऑन पासवर्डची नेमकी हीच मर्यादा आहे. तो यंत्र सुरू होऊ देत नाही. परंतु चार स्क्रू काढून आतील डिस्क वेगळी केली व ती दुसऱ्या संगणकास जोडली, तर त्या पासवर्डशी डिस्कचा काही संबंध उरत नाही. शिवाय टेबलावरील अनेक संगणकांत पाटीवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी काही वेळ काढून ठेवल्यास बायोसचा पासवर्ड पुसला जातो. लॅपटॉपमध्ये तो सहसा अशा रीतीने पुसला जात नाही, कारण तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवलेला असतो. तथापि केवळ त्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे ठरणार नाही.

पासवर्ड आणि माहितीची खरी सुरक्षितता यांतील अंतर किती मोठे असते, याचा धडा जगातील प्रगत प्रशासनांनाही भारी किंमत देऊन शिकावा लागला. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण विभागातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप व त्याला जोडावयाची डिस्क चोरीस गेली. तीत सुमारे २ कोटी ६५ लाख व्यक्तींची नावे, जन्मतारखा व सामाजिक सुरक्षा क्रमांक होते आणि ते कूटबद्ध केलेले नव्हते. जून महिन्यात ही सामग्री परत मिळाली व माहिती उघडली गेल्याचे आढळले नाही. तरीही पुढे २००९ साली त्या विभागास या प्रकरणी २ कोटी डॉलर देऊन न्यायालयीन तडजोड करावी लागली. या घटनेनंतर तेथील शासनाने सर्व विभागांना फिरत्या संगणकांवरील संवेदनशील माहिती कूटबद्ध करण्याची सूचना दिली.

ऑक्टोबर २००७ मधील ब्रिटनचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील महसूल व सीमाशुल्क विभागाने बालभत्त्याच्या लाभार्थ्यांची यादी दोन तबकड्यांत भरून लेखापरीक्षण कार्यालयाकडे पाठविली. तबकड्या वाटेतच गहाळ झाल्या. त्यांत सुमारे ७२ लाख ५० हजार कुटुंबांतील २ कोटी ५० लाख लोकांचा तपशील होता. अनेकांच्या बँक खात्यांचे क्रमांकही होते. त्या तबकड्यांना पासवर्ड होता, परंतु त्यांतील माहिती कूटबद्ध नव्हती. अर्थमंत्र्यांना २० नोव्हेंबर २००७ रोजी संसदेत ही गोष्ट निवेदन करावी लागली आणि विभागप्रमुखांनी राजीनामा दिला. पासवर्ड होता, ही सबब कोणाच्याही समाधानास पुरेशी ठरली नाही.

कुलपाला कूटलिपीची जोड

कूटबद्ध करणे म्हणजे काय, हे मोडी लिपीच्या दृष्टान्ताने ध्यानात येईल. मोडी न जाणणाऱ्या माणसाच्या हाती जुना दस्तऐवज पडला, तर कागद त्याच्या हाती असूनही मजकूर त्याच्या हाती नसतो. मोडी शिकता तरी येते. कूटबद्ध केलेल्या डिस्कवरील मजकूर मात्र विशिष्ट अंकरूपी किल्लीवाचून आजच्या संगणकांनाही व्यवहारात उलगडता येत नाही. अशी डिस्क चोराने काढून नेली, तरी त्याच्या हाती केवळ निरर्थक चिन्हांचा ढीग लागतो.

विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत यासाठी ‘बिटलॉकर’ ही सोय आहे. ती विंडोज व्हिस्टाबरोबर प्रथम आली. घरगुती आवृत्तीत बिटलॉकरची सर्व अंगे मिळत नाहीत. तथापि अनेक नव्या लॅपटॉपवर तिचे साधे रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असते. लिनक्स प्रणालीत ती बसविण्याच्या वेळीच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय बहुधा विचारला जातो आणि मग प्रत्येक वेळी सुरुवातीलाच परवलीचा शब्द द्यावा लागतो. ॲपल कंपनीच्या संगणकांवर ‘फाइलव्हॉल्ट’ हे काम करते.

बिटलॉकरची किल्ली ‘टीपीएम’ नावाच्या सुरक्षा चिपमध्ये जतन होते. नेहमीच्या व्यवस्थेत ही चिप यंत्रात फेरफार झाला नसल्याची खात्री करून किल्ली आपणहून देते व यंत्र थेट विंडोजच्या पासवर्डपर्यंत येते. अधिक सुरक्षितता हवी असेल तर यंत्र सुरू होतानाच एक गुप्त अंक, म्हणजे पिन, विचारण्याची तरतूद करता येते. हा पिन सर्वसाधारणपणे ६ ते २० अंकांचा असतो. तो दिल्यावाचून चिप किल्ली देत नाही आणि तो वारंवार चुकल्यास काही काळ उत्तर देण्याचेच थांबविते. डिस्क काढून नेणे निष्फळ, यंत्र सुरू करणे अशक्य, असा दुहेरी बंदोबस्त यामुळे साधतो. ही तरतूद विंडोजच्या धोरण व्यवस्थेतून करावयाची असल्याने ती जाणकार तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी.

येथे एका जुन्या सोयीबद्दल सावध करणे आवश्यक आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सिसकी’ नावाची एक आज्ञा असे व तिच्या साहाय्याने सुरुवातीचा पासवर्ड ठेवता येई. दूरध्वनीवरून ‘आम्ही संगणक कंपनीतून बोलतो’ असे सांगणाऱ्या ठकांनी तिचा दुरुपयोग केला. ते लोकांच्या संगणकाला परस्पर असा पासवर्ड लावीत व तो सांगण्यासाठी पैसे उकळीत. तिची सुरक्षितताही तोकडी पडू लागली होती. २०१७ च्या विंडोज आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली. जुन्या पुस्तकांत वा लेखांत तिचा उल्लेख आढळल्यास तो मार्ग अनुसरू नये.

प्रत्यक्ष कृती

पासवर्ड ठेवण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांत होण्यासारखे आहे. मात्र ते घाईने न करता पुढील क्रमाने करावे.

(१) सर्वप्रथम यंत्रातील महत्त्वाच्या धारिकांची दुसरी प्रत काढावी व ती कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी. ही प्रतही कूटबद्ध असेल तर उत्तम.

(२) यंत्र आधीच कूटबद्ध आहे किंवा काय, हे पाहावे. असल्यास बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी त्याची ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली हाती असल्याची खात्री करावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. बायोसमधील काही बदलांनंतर यंत्र ही किल्ली मागते व ती नसेल तर सारे काम अडून बसते.

(३) लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा व सुरू होताच बायोसची कळ वारंवार दाबावी. डेल, एसर व असुस यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ-२ असते; एचपीच्या यंत्रांत एफ-१० अथवा एस्केप, तर लेनोवोच्या यंत्रांत प्रकारानुसार एफ-१ किंवा एफ-२.

(४) पडद्यावर ‘सिक्युरिटी’ या मथळ्याखालील पान उघडावे. प्रथम सुपरवायझर पासवर्ड ठेवावा व त्यानंतर पॉवर-ऑन पासवर्ड. प्रत्येक शब्द दोनदा भरावा लागतो. काही यंत्रांत ‘पासवर्ड ऑन बूट’ हा वेगळा पर्याय चालू केल्यावाचून सुरुवातीला पासवर्ड विचारला जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

(५) ‘बूट’ या मथळ्याखाली आतील डिस्कला प्रथम क्रम द्यावा. पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची गरज नसेल तर तो पर्याय बंद करावा.

(६) केलेले बदल जतन करून बाहेर पडावे. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे व पासवर्ड विचारला जातो की नाही हे पडताळावे. त्यानंतर स्थगित केलेले बिटलॉकर पुन्हा चालू करावे.

परवलीचा शब्द निवडताना एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावयास हवी. यंत्राच्या या पहिल्या टप्प्यात मराठी कळफलक उपलब्ध नसतो. म्हणून शब्द रोमन अक्षरांत व अंकांतच ठेवावा लागतो. गावाचे नाव, कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक, स्वतःची जन्मतारीख अथवा १ ते ६ असे ओळीने अंक, हे कोणासही सुचण्यासारखे शब्द टाळावेत. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार साधे मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, तर ते लक्षात राहावयास सोपे व ओळखावयास कठीण जातात. मात्र काही यंत्रांत अक्षरसंख्येस मर्यादा असते. ती आधी पाहून घ्यावी.

आणखी एक सवय बदलावी लागेल. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे तो बंद झाला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः झाकण मिटल्यावर यंत्र बहुधा केवळ झोपी जाते. झाकण उघडताच ते पूर्वीच्या ठिकाणी जागे होते व वेशीवरील पासवर्ड विचारीतच नाही. कारण ते वेशीतून आधीच आत आलेले असते. कार्यालय सुटताना व प्रवासास निघताना यंत्र ‘शट डाउन’ करणे, हा या साऱ्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होय.

किल्ली व्यक्तीची नव्हे, कार्यालयाची

सुरक्षिततेच्या उत्साहात एक नवेच संकट ओढवून घेतले जाण्याचा धोका असतो. पासवर्ड एकाच कर्मचाऱ्यास ठाऊक आहे. त्याची बदली झाली, तो दीर्घ रजेवर गेला अथवा अकस्मात निधन पावला, तर कार्यालयाची माहिती चोरापासून सुरक्षित राहील, परंतु कार्यालयासही ती मिळणार नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये सुपरवायझर पासवर्ड हरवल्यास मुख्य पाटीच बदलावी लागते. कूटबद्ध डिस्कची पुनःप्राप्ती किल्ली हरवली, तर कंपनीलाही ती माहिती परत मिळवून देता येत नाही. मार्चअखेरीस हिशेब पूर्ण करावयाचे असताना, अथवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख उद्यावर असताना असा प्रसंग ओढवला, तर त्याची झळ शेवटी गावातील लाभार्थ्यास व शाळेतील विद्यार्थ्यासच बसते.

यावर उपाय जुनाच आहे. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीची जी व्यवस्था कार्यालये पिढ्यान्‌पिढ्या करीत आली, तीच येथे करावी. सर्व पासवर्ड व पुनःप्राप्ती किल्ली कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून, पाकिटात घालून मोहोरबंद करावी. जोडावर कार्यालयप्रमुखाने दिनांकासह स्वाक्षरी करावी. पाकीट लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत लॅपटॉपची नोंद जेथे असेल, तेथे पाकीट कोणाच्या ताब्यात आहे हेही नमूद करावे. पासवर्ड मात्र नोंदवहीत लिहू नये. पाकीट उघडण्याची वेळ आली, तर कोणी, केव्हा व कशासाठी उघडले हे लिहून ठेवावे आणि पासवर्ड बदलून नवे पाकीट तयार करावे.

ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक वा केंद्रचालक यांनी कार्यभार सोपविताना शिक्के व धनादेश पुस्तके यांबरोबरच हे पाकीटही सोपवावे. नव्या अधिकाऱ्याने ते मिळताच पासवर्ड चालतो याची समक्ष खात्री करावी व नंतर तो बदलावा. या संदर्भात एक सूक्ष्म बाब सहज नजरेआड होते. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असलेले यंत्र एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खाजगी मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले, तर पुनःप्राप्ती किल्ली त्याच्या खाजगी खात्यात साठविली जाते. कर्मचारी बदलून गेला की किल्लीही त्याच्याबरोबर गेली! कार्यालयाचे यंत्र कार्यालयाच्याच खात्याने सुरू करावे आणि किल्लीची लेखी प्रत अवश्य काढून ठेवावी.

यंत्र हरवल्यास

एवढी दक्षता घेऊनही लॅपटॉप चोरीस गेला, तर तो प्रकार दडवून ठेवण्याचा मोह टाळावा. यंत्राचा अनुक्रमांक देऊन पोलीस ठाण्यात तत्काळ तक्रार नोंदवावी व वरिष्ठ कार्यालयास लेखी कळवावे. त्या यंत्रावरून वापरल्या जाणाऱ्या ई-मेलचे व शासकीय संकेतस्थळांचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून लगेच बदलावेत. डिजिटल स्वाक्षरीचे साधन यंत्रासोबत गेले असल्यास ती स्वाक्षरी रद्द करवून घ्यावी. माहितीचा वापर करून कोणाची आर्थिक फसवणूक झाल्याचे दिसून आल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करता येते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहितीच्या गळतीसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्या पथकास कळविणे शासकीय संस्थांनाही बंधनकारक आहे.

कायद्याची चौकटही या बाबतीत अधिकाधिक स्पष्ट होत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क (इंग्रजी पाठातील ६६-सी) अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड वा डिजिटल स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे हा ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा अपराध आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने माहिती बाळगणाऱ्यावरच ती वाजवी उपायांनी सुरक्षित ठेवण्याची, आणि ती फुटल्यास संबंधित व्यक्तींना कळविण्याची जबाबदारी टाकली आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. चोर सापडेल किंवा न सापडेल. परंतु ‘आपण माहिती कशी राखली होती?’ या प्रश्नाचे उत्तर कार्यालयास द्यावेच लागेल.

जुन्या काळी वेशीवर परवलीचा शब्द विचारला जाई, तो गावकऱ्यांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर वेशीच्या आत निर्धास्त झोपलेल्यांसाठी. लॅपटॉपच्या पहिल्या पडद्यावर उमटणारी रिकामी चौकटही तेच काम करते. ती भरण्यास रोज सकाळी चार-पाच सेकंद अधिक लागतील. ज्या भगिनीने आपला खाते क्रमांक विश्वासाने लिहून दिला, तिच्या मनाच्या स्वस्थतेपुढे हे मोल फारच अल्प आहे. पंचायतीच्या आगामी मासिक सभेत, अथवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, हा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आणि त्याच दिवशी मोहोरबंद पाकीट कपाटात गेले, तर या कामाची सुयोग्य सुरुवात झाली असे म्हणता येईल.